दोमेचे सहा सेकंद

दोमे बुर्बिएनेने उभ्या जन्मात मनगटावर घड्याळ बांधलं नाही. सेकंद ती आत कुठेतरी मोजत असे. गप्पा मारताना, चर्चमध्ये, झोपेतसुद्धा, असं तिचा नवरा फेलिक्सस सांगायचा. आमच्या अल्क्सनुपे गावच्या डेअरीत तिने तीस वर्षं चीजच्या कढया सांभाळल्या. दूध घट्ट व्हायला ठेवून किती वेळ झाला हे कुणी विचारलं की बोलणं न तोडता ती आकडा सांगे, आणि भिंतीवरचं घड्याळच मागेपुढे निघे. गावात म्हणत, दोमेच्या घरी शिंकायचं असलं तरी आधी हात वर करावा लागतो, बाईचा आकडा चुकायला नको.

शनिवारी दुपारी चारला ती बास्केटबॉलच्या हॉलमध्ये टेबलाशी बसलेली असे. उजव्या हाताखाली एक काळं बटण. शेजारी मी, गुणांचा तक्ता लिहायला. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो. चोवीस वर्षं आम्ही असे खांद्याला खांदा लावून बसलो. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं जवसाच्या धाग्याचं गोदाम. हिवाळ्यात खेळाडूंच्या तोंडून वाफ निघे आणि लाकडी जमिनीवर बुटांचा प्रत्येक आवाज स्पष्ट उमटे.

त्या काळी आमच्या बाजूच्या जगात चेंडू हाती आल्यापासून तीस सेकंदांत तो बास्केटकडे फेकावा लागे, नाहीतर तो दुसऱ्या संघाकडे जाई. अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत चोवीसच. फेलिक्सस वीजकामगार होता. शहात्तर साली त्याने टेलिफोनच्या कचेरीने टाकून दिलेलं, एकेक घर पुढे सरकणारं चाक आणलं, लोखंडी पेटीत बसवलं आणि भिंतीवर तीस बल्बांचं वर्तुळ लावलं. दोमेने बटण दाबलं की तीसही बल्ब पेटत. मग दर सेकंदाला पेटीत टक् होई आणि एक बल्ब विझे. तिसाव्या घराला भोंगा.

तीस सेकंद पुष्कळ असतात. तेवढ्यात आमच्या गावाने एक चाल बसवली होती. तिला सगळे ‘लांबडी’ म्हणत. चेंडू जमिनीला लागतच नसे म्हटलं तरी चालेल. हातातून हातात, पाचही जणांकडून दोनदोनदा. आणि सगळे सतत धावत, आपली जागा सोडत, दुसऱ्याने सोडलेल्या जागेत शिरत. सत्ताविसाव्या सेकंदाला चेंडू डाव्या कोपऱ्याकडे सुटे, तेव्हा तो कोपरा रिकामा असे. चेंडू पोचायच्या आत बास्केटच्या मागून धावत विगान्दस तिथे आलेला असे, दोन्ही हात छातीपुढे तयार. विगान्दस म्हणजे दोमेचा एकुलता एक मुलगा. तिथून त्याचा नेम सहसा चुकत नसे.

शाळा संपताना मी त्याला भौतिकशास्त्रात पाचपैकी दोन गुण दिले, म्हणजे नापास. तेवढीच त्याची तयारी होती. तीन दिले असते तरी मला कुणी जाब विचारला नसता. त्या दोनामुळे त्याचा पुढच्या शिक्षणाचा प्रवेश हुकला आणि पानगळीच्या दिवसांत सोव्हिएत सैन्याचं बोलावणं आलं. त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये तो अफगाणिस्तानातून परत आला. जस्ताच्या पेटीत, सांधे वितळवून बंद केलेल्या. सोबतच्या सैनिकाला हुकूम होता, पेटी उघडू द्यायची नाही. दोमे खाली बसली, झाकणाला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

“ह्यात कुणी नाही,” उठताना ती फेलिक्ससला म्हणाली.

दफन झालं. दगडावर तिने मुलाचं नाव, १९६३ हे जन्मसाल आणि पुढे एक आडवी रेघ एवढंच कोरू दिलं. रेघेच्या पलीकडची जागा रिकामी. नवव्या दिवशी शनिवार होता. दोमे आली, कोट न काढता टेबलाशी बसली आणि बटणावर बोट ठेवलं. माझ्या त्या दोन गुणांबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही, नंतरही वर्षानुवर्षं नाही.

विगान्दसच्या संघाचा कप्तान ग्विदास पुढे आमचा कोच झाला. लांबडी त्याने ठेवली, पण तिचा शेवट उजव्या कोपऱ्यात नेला. डावीकडे कुणाला उभं करायचं नाही, असं तो कधी म्हणाला नाही. कुणी उभंही राहिलं नाही.

दोन हजार साली नियम बदलला. दूरच्या कुठल्यातरी कचेरीत बसलेल्या माणसांनी तिसाचे चोवीस केले, अमेरिकेसारखे. पेटी बदलायचं काम माझ्याकडे आलं. फेलिक्ससला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्याने तारांच्या सांध्यांना दिलेले डाग कापायचा मला धीर होईना. मी एवढंच केलं: भोंग्याची तार तिसाव्या घरावरून काढून चोविसाव्यावर लावली आणि वर्तुळातले शेवटचे सहा बल्ब काढून घेतले. चाकाची घरं मात्र तीसच राहिली. त्यामुळे भोंगा वाजून खेळ थांबला तरी पेटी आतल्या आत चालत राही. टक्, टक्, टक्. भिंतीवर सहा काळी भोकं, आणि त्यांवरून सरकणारं काहीतरी, जे दिसत नसे.

त्याच वर्षी सप्टेंबरात क्लबने अमेरिकेहून एक खेळाडू आणला. लॅमाँट टिलरी, टोलेडो गावचा, दाराच्या चौकटीत डोकं वाकवून शिरणारा. त्याची राहण्याची सोय दोमेकडे झाली, माडीवर, विगान्दसच्या खोलीत. पलंग आखूड पडला तेव्हा दोमेने पायथ्याशी स्टूल लावलं. तो तिला गावातल्या लोकांसारखंच ‘मावशी’ म्हणायला शिकला, आणि दुसरा शब्द शिकला तो ‘बास’, कारण ती ताटात बटाटे वाढायची थांबत नसे.

पहिल्याच सराव-सामन्यात पंचाने त्याला चार वेळा पकडलं. चेंडू जमिनीला टेकायच्या आत त्याचं मागचं पाऊल उचललेलं असे, आणि आमच्याकडे ते चालत नाही.

“ह्याला पाऊल म्हणतात?” लॅमाँट मला म्हणाला. इंग्रजी येणारा टेबलाशी मी एकटाच, तेही मोडकं. “आमच्याकडे ह्याला खेळ म्हणतात!”

“त्याला सांगा मास्तर,” ग्विदास ओरडला, “पळायचंच असेल तर बाहेर बटाट्याचं शेत मोकळं आहे.”

पुढच्या आठवड्यात रिंगवर नाचणारा चेंडू आमच्या पोराने खुशाल थापटून उडवला आणि लॅमाँट दोन्ही हात पसरून पंचाकडे बघत राहिला. “ही चोरी आहे. दिवसाढवळ्या!”

“रिंगला लागला की तो सगळ्यांचा,” ग्विदास म्हणाला. “घरी तुझी आई ताटलीत पाव ठेवते तेव्हा तू वाट बघत बसतोस का रे?”

खरं भांडण मात्र वेगळं होतं. लॅमाँट चेंडू घेई, हाताने इतर चौघांना बाजूला व्हायची खूण करी, आणि मग समोरच्या एकाशी त्याचं एकट्याचं युद्ध चाले. चेंडू जमिनीवर ठाक, ठाक, ठाक. दोमे डोळे मिटून ऐकत बसे. “ह्याच्या खेळात एकच चेंडू बोलतो,” ती मला म्हणाली, “आणि आठ बूट गप्प. आपल्यात बूट बोलतात, चेंडू मुका.”

“चेंडू माणसाला देऊ नकोस, जागेला दे,” ग्विदास त्याला बजावून बजावून थकला. “माणूस येईल.”

“आणि नाही आला तर?”

“येतो. आपण दिला की येतो.”

“तुमच्या खेळात सगळे लपतात, कोच. दहा पास, पाच माणसं. चुकलं तर कुणाचं? कुणाचंच नाही. आमच्याकडे चेंडू माझ्या हातात असतो. चुकलं तर माझं. मी झोपताना ते उशाशी घेऊन झोपतो.”

मी हे ग्विदासला सांगितलं. त्याने जमिनीवरचा चेंडू उचलला. मग म्हणाला, “त्याला सांगा, चूक उशाशी घेऊन आम्हीही झोपतो. फक्त ती पाच जणांत वाटून घेतो.” ते मी लॅमाँटला सांगितलं नाही. मला पाच जण नव्हते.

ऑक्टोबरच्या मध्यावर सामना संपल्यावर दोमे पेटीवर कापड घालता घालता म्हणाली, “मास्तर, भोंग्यानंतर ऐकता का तुम्ही?”

“चाक फिरतं, दोमेबाई. सहा घरं उरतात. मीच ठेवलीत.”

“चाकाचं नाही म्हणत. बुटांचं.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा डेअरीत आकडा सांगताना असायचा तसाच होता.

“दुसऱ्या टकला बास्केटच्या मागून निघतात,” ती म्हणाली. “तिसऱ्याला कोपऱ्यात. तिथं थांबतात. सहाव्यापर्यंत उभा असतो. तीस होते तेव्हा कधी आला नाही हो. तेव्हा सगळे सेकंद भरलेले होते, त्याला जागा कुठली? ह्या लोकांनी सहा रिकामे केले. जागा सोडली की कुणीतरी येतंच.”

“दोमेबाई…”

“येतो, हात पुढे करतो, आणि खेळ तर थांबलेला. कुणी देतच नाही त्याला. दर वेळी.”

पुढच्या शनिवारी मी लक्ष दिलं. भोंगा वाजला, लोक हळहळले, आमची पोरं हात खाली सोडून परत फिरली. टक्. टक्. डाव्या कोपऱ्याच्या बाजूने रबर लाकडावर घासल्याचा बारीक आवाज आला, धावणारा माणूस अचानक थांबतो तसा. तिकडे कुणी नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, थंडीने फळ्या आकसतात. भौतिकशास्त्रात असं उत्तर पाचपैकी पाच गुणांचं असतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोमेने मला जेवायला बोलावलं. माझ्या घरी कुणी नाही. रिवाजाप्रमाणे टेबलावर चादरीखाली वाळलेलं गवत, वर बारा पदार्थ. मटण, दूध काही नाही. मासे, बीटचं सार, खसखस वाटून काढलेल्या रसात भिजवलेली इवली बिस्किटं. आणि एक ताटली, एक खुर्ची, एक मेणबत्ती जास्तीची. ती घरातल्या गेलेल्या माणसाची. दर घरात असते.

लॅमाँट जिन्यावरून खाली आला आणि सरळ त्या खुर्चीवर बसला.

मी तोंड उघडलं. दोमेने माझा हात दाबला. पाहुण्याला उठवायचं नसतं. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. लॅमाँट मात्र स्वतःच उठला. खुर्चीकडे पाहत राहिला.

“माफ करा मावशी. इथं कुणी बसलं होतं का?”

मी ते आमच्या भाषेत दोमेला विचारलं. “का म्हणतो असं?” ती म्हणाली.

“खुर्ची गरम आहे,” लॅमाँट म्हणाला.

दोमेने त्याला आपल्या शेजारी बसवलं. चर्चमधून आणलेली कागदासारखी पातळ पोळी मोडून तिने आधी त्याला तुकडा दिला, मग मला, आणि एक त्या रिकाम्या ताटलीत ठेवला. जेवता जेवता लॅमाँटने मला विचारलं, “मास्तर, सामन्यात डावीकडून मला कोण हाक मारतं? नावाने नाही. तोंडाने नुसता आवाज करतो, चेंडू मागताना करतात तसा.”

“केव्हा?”

“खेळ थांबला की.”

मी ते दोमेला सांगितलं नाही. पण ती माझ्याकडेच बघत होती; समजलं असावं.

नव्या वर्षाच्या आधी संघटनेचं पत्र आलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून लाल आकड्यांचं नवं घड्याळ; जुनी यंत्रं काढून टाकावीत. म्हणजे पेटीला एकच सामना उरला, सहा जानेवारीचा. त्या दिवशी दोन वाजताच दोमे हॉलवर आली. मी तक्त्याच्या रेघा आखत होतो. तिने माझ्यासमोर फेलिक्ससचा स्क्रूड्रायव्हर ठेवला, लाकडी मुठीचा.

“तार परत त्याच्या जागी लावा. तिसावर. आजच्यापुरती.”

“हा खोटेपणा होईल, दोमेबाई. चोवीस वर्षांत तुम्ही अर्धा सेकंद इकडचा तिकडे केला नाहीत.”

“दोन्ही संघांना तीस. खोटं काय त्यात?”

“पंचांच्या लक्षात आलं तर टेबलावरून उठवतील. दोघांनाही.”

“उद्यापासून तसंही काय मोजायचंय मला?” ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा खाली गेला. “मास्तर, त्याला एकदा चेंडू मिळाला पाहिजे. नाहीतर पेटी काढल्यावर तो कुठं जाईल? असाच धावत राहील, सेकंदाशिवाय. माझ्यासाठी करू नका. तुमच्यासाठी करा.”

अठरा वर्षांत तिने त्या दोन गुणांचा उच्चार केला तो एवढाच.

मी पेटी उघडली. तार काढली, सहा घरं पुढे नेली, फेलिक्ससच्या जुन्या डागाशेजारी घट्ट बसवली. बल्ब लावले नाहीत. भोकं काळीच राहू दिली.

सामनाभर कुणाला काही कळलं नाही. चोविसाची सवय लागलेली. सगळे वेळेच्या आधीच घाईने फेकत होते. शेजारच्या जिल्ह्याचा संघ होता, तगडा. पस्तीस सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू आमच्या हाती आला. दोमेने बटण दाबलं. बल्ब पेटले.

“लांबडी!” ग्विदास ओरडला. “लॅमाँट, जागेला दे!”

आणि त्या दिवशी लॅमाँटने दिला. चेंडू हातातून हातात फिरला, पोरं धावली, बूट पाखरांसारखे किचकिचले. पण समोरचेही तयारीचे. जागा मोकळी होईना. बल्ब विझत गेले. अठरा. एकवीस. चेंडू परत लॅमाँटकडे, बास्केटसमोर, अंगावर दोघे. शेवटचा बल्ब विझला.

भोंगा वाजला नाही.

सगळ्यांच्या कानांनी तो आधीच ऐकला होता. दोघांनी हात खाली सोडले. आमची पोरं थबकली. पंचाने शिट्टी ओठांत धरून भिंतीकडे पाहिलं. भोंग्याशिवाय त्याला वाजवता येत नव्हती. लोक गप्प झाले. गोदामात एकच आवाज उरला. टक्.

लॅमाँटसमोर आता कुणी नव्हतं. दोन पावलं टाकून चेंडू वरून रिंगमध्ये घालायचा, एवढंच. सगळा जन्म तो तेच करत आला होता.

टक्. डाव्या बाजूने, बास्केटच्या मागून, बूट निघाले. ह्या वेळी फळ्या आकसल्या वगैरे मी मनात म्हटलं नाही. लॅमाँटची मान तिकडे वळली. तिसऱ्या टकला त्याने छातीपासून सरळ, जोरात पास दिला, रिकाम्या कोपऱ्याकडे.

त्या कोपऱ्यामागे व्यायामाच्या लाकडी पट्ट्यांची भिंत आहे. चुकलेला चेंडू तिथे आदळतो तेव्हा सगळा हॉल हादरतो. मी आदळण्याची वाट पाहिली. आवाज आला नाही. दोमेने माझी बाही धरली होती. तिचे ओठ हलत होते. टक्. टक्. टक्.

भोंगा वाजला.

चेंडू डाव्या कोपऱ्यात, रेघेच्या अलीकडे जमिनीवर पडलेला होता. घरंगळत नव्हता. पंच तिकडे गेला, चेंडू उचलला, कपाळाला आठ्या घालून तो आपल्या पँटला पुसला. “ओला झालाय,” तो म्हणाला आणि समोरच्या संघाला दिला. उरलेले पाच सेकंद त्यांनी चेंडू धरून काढले. आम्ही एका गुणाने हरलो.

ग्विदास लॅमाँटच्या अंगावर धावून गेला. “कुणाला दिलास? मोकळा होतास तू! आंधळ्याने घातला असता! कुणाला दिलास?”

मी मध्ये उभा होतो, दोघांची भाषा वाहत.

“जो मोकळा होता त्याला,” लॅमाँट म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतं, दिला की माणूस येतो.”

“कुठला माणूस? कितवा नंबर?”

“नंबर नाही पाहिला. गोरा, बारीक. चड्डी एवढीशी होती, मांडीच्या वर. मला वाटलं, तुमची काही गंमत चाललीय.”

ग्विदासचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. तशा आखूड चड्ड्या त्याच्या काळच्या संघाने घातल्या होत्या. त्यानंतर कुणी नाही. तो बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

दोमेने पेटीची वायर काढली, गुंडाळली, आणि काळ्या बटणावरून एकदा अंगठा फिरवला. “मिळाला त्याला,” एवढंच म्हणाली.

नवं घड्याळ आलं. त्याला आवाज नाही. दोमे त्याच्यापाशी कधी बसली नाही. शनिवारी घरी राहून लॅमाँटचे मोजे धूत असे. वसंतात तो गेला तेव्हा ती बसथांब्यापर्यंत चालत आली, आणि बस यायला किती वेळ आहे असं मी विचारल्यावर म्हणाली, “कुणाला ठाऊक?” तिच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकलं. मी मात्र अजून हॉलवर जातो. भोंगा वाजला की मनात सहा मोजतो. कुणी येत नाही. माझ्यासाठी तर नाहीच.

त्याच वसंतात तिने दगडवाल्याला दफनभूमीत बोलावलं. मीही होतो. त्याने रेघेच्या पलीकडची रिकामी जागा ओल्या फडक्याने पुसली आणि विचारलं, “कुठली तारीख, मावशी?”

“सहा जानेवारी, दोन हजार एक.”

त्याने छिन्नी खाली ठेवली. ह्या गावातला माणूस. त्र्याऐंशीची ती पेटी त्यानेही खांद्यावर घेतली होती. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मावशी, चुकताय तुम्ही. सैन्याच्या कागदावर…”

“तू कोर,” दोमे म्हणाली. “मोजायचं काम माझं आहे.”